पुण्यात रजिस्टर लग्न: आधी नोटीस, मग हॉल

रजिस्टर लग्न करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा हॉलची होते, दुसरी केटररची. विवाह अधिकाऱ्याला आधी द्यायच्या लेखी नोटिशीची आठवण होते तेव्हा पत्रिका छापायला गेलेल्या असतात. हा क्रम उलटा करा. विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची तारीख तुमच्या किंवा गुरुजींच्या हातात नसते. ती नोटिशीच्या तारखेवरून मोजून काढावी लागते. नोटीस दाखल झाली, पोच हातात आली आणि तारखांचं गणित कागदावर मांडलं, की मगच हॉलवाल्याला ॲडव्हान्स द्या.

त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे लग्न कुठल्या कायद्याखाली करायचं.

वर आणि वधू दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो. जात वेगळी असली तरी फरक पडत नाही, आणि एक जण हिंदू व दुसरा बौद्ध असला तरीही नाही. अशा जोडप्याने नेहमीच्या विधीने लग्न लावायचं आणि नंतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत त्याची नोंद करायची. इथे महिनाभराची नोटीस नसते. आळंदीला झटपट लागणारी लग्नं याच कायद्याखाली येतात.

धर्म वेगळे असतील, विधी नको असतील, किंवा विधी हवेत पण कायद्याचा आधार धर्मनिरपेक्ष हवा असेल, तर विशेष विवाह कायदा १९५४. रजिस्टर लग्न म्हणतात ते हेच. दोघंही एकाच धर्माचे, एकाच जातीचे असले तरी हा मार्ग खुला आहे. इथे विवाह अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष लग्न लागतं, म्हणजे आधी झालेल्या लग्नाची ही नुसती नोंद नसते. हे अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचे असतात, त्यामुळे शिवाजीनगरच्या कोर्टात किंवा महापालिकेत हेलपाटा मारू नका.

या दोन मार्गांत गल्लत झाली की घोटाळा होतो. सगळ्यात वाईट घोटाळा 'विधी करायची गरज नाही, नुसतं सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटांचा. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न विधीनेच लागतं. विधी न होता नुसता दाखला मिळवला तर ते वैध लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. व्हिसासाठी घाई आहे म्हणून आधी कागद आणि सहा महिन्यांनी सप्तपदी, असा बेत असेल तर तो सोडून द्या आणि विशेष विवाह कायद्याने रीतसर लग्न करा.

धर्म वेगळे असताना एकाच्या धर्माच्या विधीने लग्न लावून घ्यायचं आणि 'नोंद नंतर बघू' म्हणायचं, हेही तितकंच धोक्याचं आहे. दोघांपैकी एक जण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न टिकत नाही. आधी रजिस्टर लग्न, मग हवे तेवढे विधी.

पात्रता आणि नात्याची गुंतागुंत

वराला २१ वर्षं पूर्ण, वधूला १८ पूर्ण. आधीचा जोडीदार हयात असेल तर घटस्फोट झालेला हवा. दोघंही वैध संमती देण्याच्या मानसिक स्थितीत हवेत. आणि दोघं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात नसावेत.

शेवटची अट वाचून बहुतेक जण पुढे जातात. पण मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा हे विशेष विवाह कायद्याच्या परिशिष्टात निषिद्ध नात्यांमध्येच मोडतात. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न अगदी रूढ आहे, म्हणून इथेही चालेल असं गृहीत धरलं जातं. कायद्यात रूढीचा अपवाद आहे खरा, पण राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली रूढी एवढाच त्याचा अर्थ. घरातलं नातं असं असेल तर या कायद्याच्या वाटेला जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. दोघंही हिंदू असतील आणि तशी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याचा मार्ग सोयीचा पडतो.

घटस्फोटितांनी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी. नुसती झेरॉक्स चालत नाही, आणि कोर्टातून प्रमाणित प्रत मिळायला वेळ जातो. हुकूमनाम्यावर अपील करता येत असेल तर अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही, तेव्हा हुकूमनाम्याची तारीख आणि अपिलाची मुदत वकिलाकडून लिहून घ्या. विधवा-विधुरांना आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो.

तारखांचं गणित

तीन आकडे लक्षात ठेवा: तीस, तीस आणि तीन.

पहिले तीस दिवस राहण्याचे. नोटीस देण्याच्या लगेच आधी दोघांपैकी किमान एक जण सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. कायदा जिल्हा बघतो, शहराची हद्द बघत नाही. म्हणून हिंजवडीत राहणारा, भोरमध्ये राहणारा आणि नारायण पेठेत राहणारा, तिघंही पुणे जिल्ह्याचेच. दुसरा जोडीदार नांदेडचा असो की नागपूरचा, पुण्यातल्या एकाच्या वास्तव्यावर नोटीस देता येते.

दुसरे तीस दिवस हरकतीचे. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि लागल्याच्या तारखेपासून तीस दिवस कोणीही हरकत घेऊ शकतो. हे दिवस संपल्याशिवाय लग्न लागत नाही. ओळख असली, व्हिसा असला, आजीची तब्येत बरी नसली, तरी नाही. एजंट 'पंधरा दिवसांत करून देतो' म्हणाला की तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर दुसऱ्याच कायद्याबद्दल बोलतोय.

तीन म्हणजे तीन महिने. नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आता बारकावा बघा. हरकतीचे तीस दिवस मोजायचे ते नोटीस फलकावर लागल्यापासून, आणि तीन महिने मोजायचे ते नोटीस दिल्यापासून. १० नोव्हेंबरला नोटीस दिली आणि ती १२ तारखेला फलकावर लागली, तर लग्न १२ डिसेंबर उलटल्यावरच, पण फेब्रुवारीची ९ तारीख ओलांडायची नाही. म्हणजे हातात दोन महिन्यांहून थोडा कमी वेळ. हॉलची तारीख या वेळेच्या मध्यावर ठेवा. अगदी पहिल्या दिवशी ठेवली आणि एखादा कागद कमी निघाला तर पाहुणे जेवून जातील आणि लग्न राहील. अगदी शेवटी ठेवली तर अधिकारी रजेवर गेल्यानेही नोटीस हातची जाऊ शकते.

राज्य सरकारी कार्यालयांना २०२०च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार कार्यालय बंद. त्यामुळे रविवारचा हॉल घेतला असेल तर कायदेशीर लग्न शुक्रवारी आणि समारंभ रविवारी, अशी विभागणी करावी लागते. दाखल्यावर शुक्रवारची तारीख येईल आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर लग्नाची तारीख तीच लिहायची, हे दोघांनी पाठ करून ठेवा. लग्नाचा वाढदिवस कधी साजरा करायचा हा घरचा मामला.

परदेशातून येणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. तीन आठवड्यांच्या रजेत नोटीस आणि लग्न दोन्ही बसत नाहीत. नोटिशीवर दोघांची सही लागते. एका फेरीत नोटीस आणि तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या फेरीत लग्न, असंच आखावं लागतं. परदेशी नागरिकाला पासपोर्ट आणि वैध व्हिसाबरोबर अविवाहित असल्याचं किंवा ना-हरकतीचं पत्र आपल्या दूतावासाकडून आणावं लागतं. दूतावासाची वेळ मिळायलाच दिवस जातात, म्हणून सुरुवात तिथून करा.

नोटिशीचे कागद

नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो. त्यात दोघांच्या आधारची पडताळणी होते. अर्जात प्रत्येकाचं नाव, वय, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, सध्याचा पत्ता, तिथे किती दिवस राहताय आणि कायमचा पत्ता वेगळा असेल तर तोही लिहायचा असतो. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात अविवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर यांपैकी खरं असेल तेच लिहा. घटस्फोटित असून 'अविवाहित' लिहिणं ही लाजेपोटी केलेली चूक म्हणून सोडली जात नाही. लग्नाच्या दिवशी जे प्रतिज्ञापन करावं लागतं, त्यात खोट्या माहितीबद्दल कैद आणि दंड होऊ शकतो हे मान्य करूनच सही होते.

वयाला जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट. पत्त्याला आधार, पासपोर्ट, वीजबिल किंवा भाडेकरार. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच.

अडतं ते पत्त्यावर. आयटीत नोकरी करणारा मुलगा वाकडला राहतो, आधारवर पत्ता लातूरचा, भाडेकरार मित्राच्या नावावर आणि वीजबिल घरमालकाच्या. मग तो जिल्ह्यात तीस दिवस राहतो हे सिद्ध कशाने करणार? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात स्वतःचं नाव असणं हा सगळ्यात पक्का पुरावा. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार पुण्यात सर्रास चालवला जातो, पण कायद्याने करार नोंदवलेलाच हवा आणि सरकारी टेबलावर नोटरीचा कागद लंगडा पडतो. हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी जोडीदाराच्या वास्तव्यावर नोटीस द्यावी, किंवा आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'दन्यानेश्वर', पॅनवर नुसतं आद्याक्षर. इंग्रजीतून मराठी करताना यंत्राने केलेले हे प्रताप लग्नाच्या दाखल्यात उतरले की पुढे पासपोर्टपर्यंत पाठ सोडत नाहीत. नोटीस भरण्याआधी दोघांचे आधार शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर तपासा, आणि चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. नोटिशीत जे नाव गेलं तेच पुढे दाखल्यावर येतं.

सरकारी फी अगदी किरकोळ आहे, कार्यालयात लग्न केलं तर काही शे रुपयांत भागते. बाहेर जे हजारांचे आकडे ऐकू येतात ते एजंटचे. अर्ज स्वतः भरण्याइतकं वाचता येत असेल तर एजंटची गरज नाही.

फलकावरची नोटीस आणि हरकत

नोटीस कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लागते. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथल्या फलकावर लागते. नोटीसवहीसुद्धा कोणालाही फुकट बघता येते. घरचे विरोधात असतील तर हे माहीत असलेलं बरं. कायदा नोटीस आईवडिलांच्या घरी पाठवायला सांगत नाही, पण तालुक्याच्या गावचा कोणी ओळखीचा कार्यालयात आला आणि त्याने फलक वाचला तर बातमी पोचतेच. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं होतं, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. पुण्यात नोटीस लागते असं धरूनच चाला.

हरकत कोणीही घेऊ शकतं, पण कारण एकच: आधी सांगितलेल्या पात्रतेच्या अटींपैकी कुठली तरी मोडते आहे. 'आमच्यात असं चालत नाही' ही हरकत होत नाही. 'मुलगा वेगळ्या जातीचा आहे' हीही नाही. हरकत नोटीसवहीत लिहून घेतली जाते आणि घेणाऱ्याला खाली सही करावी लागते. सही म्हटल्यावर बरेच काका तिथूनच परत फिरतात. रीतसर हरकत आली तर अधिकाऱ्याला तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. हरकत निव्वळ त्रास देण्यासाठी घेतल्याचं दिसलं तर हरकतदारावर हजार रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. हरकत मान्य झाली तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

जिवाला किंवा मारहाणीचा धोका असेल तर नोटीस देण्याआधी पोलिसांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. आंतरजातीय-आंतरधर्मीय जोडप्यांना संरक्षण देण्याचे स्पष्ट निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेले आहेत. अर्जात त्यांचा उल्लेख करा.

लग्नाचा दिवस

तीस दिवस संपले की कार्यालयाकडून तारीख आणि वेळ घ्या. १४ फेब्रुवारी, १२-१२ असल्या तारखा आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त या दिवशी गर्दी उसळते. साधा मंगळवार-बुधवार घेतला तर निवांत होतं.

तीन साक्षीदार लागतात. नातेवाईकच हवेत असं नाही, मित्र चालतात, ऑफिसमधले सहकारी चालतात. तिघंही सज्ञान हवेत आणि तिघांकडे मूळ ओळखपत्र हवं. मोबाईलमधला आधारचा फोटो दाखवून काम होईल या भरवशावर कोणी राहू नये. तिघंही सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतात, कारण त्यांच्या सह्या दोनदा होतात, आधी प्रतिज्ञापनावर आणि शेवटी दाखल्यावर. एक साक्षीदार चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला की पुढचं जोडपं आत जातं आणि तुमचा नंबर मागे पडतो. म्हणून चौथा माणूस ओळखपत्रासह सोबत ठेवा.

आत काय होतं? टेबलावर प्रतिज्ञापनाचे फॉर्म येतात. वर आपल्या भागावर सही करतो, वधू आपल्या, खाली तिघे साक्षीदार, आणि शेवटी अधिकारी. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून एकेक वाक्य म्हणायचं: 'मी, अमुक, तुला, तमुक हिला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो', आणि तसंच वधूने. हे वाक्य अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांच्या कानावर पडायला हवं. भाषा दोघांना समजेल ती कुठलीही. हे म्हटल्याशिवाय लग्न कायद्याने पूर्ण होत नाही, हार घातले तरीही नाही. ऐनवेळी जीभ अडखळते, म्हणून दोघांची पूर्ण नावं घालून वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलेलं बरं. त्यानंतर दाखल्याच्या वहीत दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. सही करण्याआधी नावं, जन्मतारखा आणि पत्ते वाचा. तिथल्या तिथे दुरुस्ती एका मिनिटात होते, नंतर तिला अर्ज आणि चकरा लागतात.

हार मंडईतून सकाळी आणलेले ताजे असावेत आणि आकाराने लहान. कार्यालयाची खोली छोटी असते आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार टेबलावरच्या कागदांवर पाणी गाळतो. अक्षता तिथे टाकू नका, त्या हॉलवर. आत माणसं मोजकीच न्या: दोघं, साक्षीदार, दोन्हीकडचे आईवडील आणि फोटो काढणारा एक जण. बाकीच्यांना थेट जेवणाच्या ठिकाणी बोलवा. फोटो काढण्याआधी अधिकाऱ्यांना विचारा.

अधिकाऱ्यांना हॉलवर बोलवायचं असेल तर

कायद्यात याची सोय आहे, पण फारच थोडे लोक ती वापरतात. वाजवी अंतरातल्या ठिकाणी लग्न लावावं असा लेखी अर्ज द्यायचा आणि जादा फी भरायची. दिवस आणि वेळ अधिकाऱ्याच्या कामाप्रमाणे ठरते, म्हणून हॉल पक्का करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या. सकाळी अकराच्या आधी किंवा संध्याकाळी मोकळीक मिळाली तर ती घ्या, कारण दुपारच्या जेवणाच्या पंगती सुरू झाल्या की लक्ष कोणाचंच राहत नाही.

स्टेजवर एक भक्कम टेबल, पाच खुर्च्या, तीन चालू पेनं आणि एक माइक. माइक महत्त्वाचा. रजिस्टर लग्नाला पाहुण्यांची नेहमीची तक्रार असते की 'काय झालं ते कळलंच नाही'. स्वीकाराचं वाक्य माइकवर म्हटलं की सगळ्या हॉलला लग्न लागल्याचा क्षण कळतो. त्याआधी एखाद्या मोठ्या माणसाने दोन मिनिटांत प्रक्रिया सांगावी. मग सह्या, मग वाक्य, मग हार.

विशेष विवाह कायदा लग्नाची पद्धत तुमच्यावर सोडतो, अट फक्त त्या वाक्याची. म्हणून सत्यशोधक पद्धतीने लग्न करू इच्छिणाऱ्यांना हा मार्ग चांगला जुळतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्या पद्धतीचं पहिलं लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागलं. फुल्यांची मंगलाष्टकं, मग स्वीकाराचं वाक्य, मग दाखल्यावर सह्या, असा कार्यक्रम अर्ध्या तासात देखणा होतो आणि लग्नाच्या वैधतेवर पुढे शंका राहत नाही.

विधीने लग्न आधीच झालं असेल तर

तेव्हा दोन पर्याय. सोपा पर्याय म्हणजे महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याखाली नोंद. वर किंवा वधू राहते त्या भागातल्या पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जा. पिंपरी-चिंचवडकरांना त्यांच्या महापालिकेचं प्रभाग कार्यालय आणि गावात ग्रामपंचायत. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तेव्हा तिथल्यांनी ग्रामसेवकाकडे जाऊ नये. हिंजवडी मात्र ग्रामपंचायतीतच. नोंद लग्नापासून ९० दिवसांत करायची. त्यानंतरही होते, पण विलंबाची जादा फी पडते.

नमुना 'ड'मधलं ज्ञापन (म्हणजे नोंदणीचा अर्ज), शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. पत्रिका छापली नसेल तर प्रतिज्ञापत्र. ज्ञापनावर गुरुजी, भंतेजी किंवा काझी, ज्यांनी लग्न लावलं त्यांची सही लागते. ही सही मांडवातच घ्या. दक्षिणा देताना फॉर्म आणि पेन पुढे करा आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत मागून घ्या. दोन महिन्यांनी गुरुजींना गाठायला जावं तर ते चातुर्मासात गावी गेलेले असतात.

दुसरा पर्याय विशेष विवाह कायद्याखालीच झालेल्या लग्नाची नोंद करण्याचा. त्यालाही तीस दिवसांची जाहीर सूचना असते, आणि नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण लागतं, वधूचंही. हे वधूच्या १८ वर्षांच्या अटीवर विसंबलेल्यांच्या लक्षात येत नाही.

दाखला हातात आल्यावर

प्रमाणित प्रती जादा काढून ठेवा. मूळ दाखला लॅमिनेट करू नका. परदेशासाठी तो राज्य सरकारकडून प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) घ्यावं लागतं, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही. वधूने नाव बदललंच पाहिजे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. बदलायचं असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, या क्रमाने जा.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर विशेष विवाह कायद्याने लग्न केल्यामुळे वारसाहक्काचा कायदा बदलत नाही. धर्म वेगळे असतील तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो, आणि एकत्र हिंदू कुटुंबातला सदस्य त्या कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा मानतो. वडिलोपार्जित जमीन किंवा वाडा असेल तर लग्नाआधीच एकदा वकिलाकडे बसा, आणि दोघांनी मृत्युपत्र करून ठेवा.

जोडप्यातला एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजनेतून पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करायचा. त्याला विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले आणि दोघांचं संयुक्त बँक खातं लागतं. खातं आधी उघडून ठेवा, कारण अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडून राहतो.